भाड्याचं मीटर ते भाड्याचं सोलर : नंदुरबारनं विजेची वाट कशी पाहिली

गेल्या काही महिन्यांत मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. पहिला : "भाऊ, ते भाड्याचं सोलर घ्यावं का?" आणि दुसरा, ज्यांनी आधीच घेतलंय त्यांचा : "बसवून गेले, पण चालू कधी होणार?"

पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं. दुसऱ्याचं द्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हणून पोस्ट लांबली आहे. सावकाश वाचा, आणि छतावर पॅनल घेण्याचा विचार असेल तर शेवटचा भाग नक्की वाचा.

आधी हे भाड्याचं सोलर म्हणजे काय ते थोडक्यात. तीन किलोवॉटची यंत्रणा विकत घ्यायची तर साधारण दीड ते दोन लाख रुपये लागतात. अनुदान नंतर मिळतं, पैसे आधी घालावे लागतात. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत आणि बँकेचं कर्जही नको, त्याच्यासाठी कंपन्या म्हणतात : छत तुमचं, पॅनल आमचं. आम्ही बसवतो, आम्ही दुरुस्त करतो, तुम्ही दर महिन्याला ठरलेलं भाडं द्या. कराराची मुदत संपली की पॅनल तुमचं. ऐकायला नवीन वाटतं, पण आपल्या घरातल्या विजेची सुरुवातच भाड्याने झाली होती.

१९१० साली इंग्रज सरकारने भारतीय वीज कायदा केला. त्या काळात वीज ही मोठ्या शहरांची चैन होती. टाटांची खोपोलीची जलविद्युत १९१५ साली मुंबईला पोहोचली, म्हणजे कायद्याच्याही नंतर. आपला भाग तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता, कचेरी धुळ्याला. त्या कायद्याच्या २६ व्या कलमात मीटरची तरतूद होती. गिऱ्हाइकाने मागितलं तर परवानाधारक कंपनीने मीटर पुरवायचं, आणि गिऱ्हाइकाने ते विकत घेतलं नाही तर भाड्याचा करार करायचा. पुढे कित्येक दशकं विजेच्या बिलात मीटर भाड्याची ओळ असायची. आमच्या आधीच्या पिढीतल्या लोकांना ती चांगली आठवते.

त्या जुन्या व्यवहारात एक गोष्ट सरळ होती. मीटर भाड्याचं असलं तरी मीटर फिरायला लागल्यावर भाडं सुरू. भिंतीवर नुसतं टांगून ठेवलेल्या डब्याचं भाडं कुणी देत नसे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. राज्य वीज मंडळ त्याच वर्षी २० जूनला. मंडळापुढचं काम डोंगराएवढं होतं, आणि आपल्याकडे तर खराखुरा डोंगरच होता. तापीकाठचा सपाट पट्टा, म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा इथे ऊस, केळी, कापूस, मिरची. विहिरीवर मोटर बसली की पीक बदलतं, पीक बदललं की घर बदलतं. म्हणून तारा आधी सपाटीवर धावल्या. सातपुड्यातलं गाव मात्र गाव नसतंच. ते पाच, सात, दहा पाड्यांत विखुरलेलं असतं. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला नाला उतरून टेकडी चढावी लागते. खांब नेऊन रोवणारा माणूस थकतो आणि हिशेब करणारा साहेब म्हणतो, एवढ्याशा घरांसाठी एवढा खर्च कशाला?

मग 'विद्युतीकरण झालं' हे कसं ठरायचं? हा भाग मला नेहमी थक्क करतो. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. शिवारात एका विहिरीवर मोटर चालली की अख्खं गाव कागदावर उजळलं. घरांमध्ये चिमणी असली तरी चालेल. १९९७ मध्ये बदल झाला : वीज वस्तीच्या भागात वापरली गेली पाहिजे. २००४ मध्ये आणखी बदल : शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत हवी. म्हणजे शंभरातली दहा घरं उजळली की काम फत्ते. उरलेल्या नव्वदांनी वाट पाहायची.

या व्याख्यांच्या जोरावर २८ एप्रिल २०१८ ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोहोचल्याचं जाहीर झालं. घरांची मोजणी वेगळी होती. त्यासाठी त्याआधी काही महिने, २५ सप्टेंबर २०१७ ला 'सौभाग्य' योजना आली. त्यात जिथे तार नेणं परवडणार नाही अशा घरांना २०० ते ३०० वॉटचं पॅनल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल असा संच द्यायचं ठरलं. डोंगरातल्या माणसाच्या घरावर सोलर आलं ते असं. शहरातल्या छतावर ते हौस किंवा बचत म्हणून येतं. पाड्यावर ते तारेच्या बदली आलं. बॅटरीचं आयुष्य संपलं की दिवे बंद, आणि तार अजून खाली नाल्यापलीकडेच. वरच्या पाड्यांवर फिरताना छपरावर धूळ खात पडलेलं पॅनल आणि आत चुलीचा उजेड, असं दृश्य मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

आता दुसरी बाजू बघा. वीज मागणाऱ्यांच्या रांगेत हा जिल्हा शेवटी उभा होता. वीज देणाऱ्यांच्या रांगेत मात्र त्याला पुढे ढकललं गेलं.

तापीवर गुजरातमध्ये उकाई धरण झालं, १९७२ साली. जलविद्युत क्षमता ३०० मेगावॉट. धरण तिकडे, पण त्याचं फुगलेलं पाणी नवापूर-नंदुरबारच्या हद्दीत आलं. नर्मदेवर सरदार सरोवराची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते ५ एप्रिल १९६१ ला झाली. पाणी आणि वीज कुणाला किती यावर राज्यांचं भांडण झालं आणि नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निकाल दिला. विजेत मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा १६. एकूण क्षमता १,४५० मेगावॉट. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण ३९० मेगावॉट. त्यासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. ती सगळी आपली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. मणिबेली, डोमखेडी ही नावं तेव्हा दिल्लीच्या वर्तमानपत्रांत यायची.

महाराष्ट्राने या सौद्यातून वीज मिळवली. ती राज्याच्या जाळ्यात गेली, तिथून पुण्याला गेली की औरंगाबादला, हे कुणी सांगू शकत नाही. तारेतल्या विजेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. पण ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या काठावरच्या घरात दिवा नव्हता, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

याच काठावर एक गोष्ट घडली, जी आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना शाळेत शिकवायला हवी. अक्राणी तालुक्यातलं बिलगाव. उदई नदीचा धबधबा. केरळमधून आलेल्या तरुण इंजिनियरांनी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने तिथे १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. २००३ मध्ये बिलगावात स्वतःची वीज आली. सरकारी खांबाची वाट पाहून थकलेल्या लोकांनी पाणी अडवलं, पाइप टाकले, टर्बाइन फिरवलं आणि दिवा लावला. अर्ज, पाहणी, मंजुरी काही नाही. १५ किलोवॉट म्हणजे किती? आजच्या हिशेबाने तीन-तीन किलोवॉटची पाच छतं. एवढ्यात एक गाव उजळलं होतं.

२००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने त्या प्रकल्पाचं मोठं नुकसान झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली होती. धरणाच्या फुगवट्यामुळेच हे झालं असं आंदोलनाचं म्हणणं होतं. मोठ्या विजेने छोटी वीज गिळली, असं तेव्हा लोक म्हणायचे.

सपाटीवरही सगळं गोड नव्हतं. ज्यांच्या घरी मीटर होतं त्यांनी वेगळी वाट पाहिली. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आपण ते कापून भिंतीला चिकटवायचो. रात्री दोन वाजता थ्री फेज येणार म्हणून बॅटरी घेऊन शेतात जाणारे बाप आणि काका. सकाळी ओट्यावर पहिला प्रश्न "लाईट उनी का?" शेतीपंपाच्या कनेक्शनसाठी कोटेशन भरून वर्षानुवर्षं थांबलेले शेतकरी. त्यांच्यासाठी तर खात्यात खास शब्द तयार झाला, 'पेड पेंडिंग'. पैसे भरलेले आणि तरी प्रलंबित. कुठल्या दुकानदाराने असं केलं असतं तर गावाने त्याला दुकान उघडू दिलं नसतं.

गंमत अशी की याच काळात कायदा ग्राहकाच्या बाजूने झाला होता. २००३ चा वीज कायदा, कलम ४३. अर्ज आल्यापासून एका महिन्यात वीजपुरवठा देणं ही वितरण कंपनीची जबाबदारी. नाही दिला तर दिवसाला १,००० रुपयांपर्यंत दंड. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : अर्ज जागेचा मालकच करू शकतो असं नाही, जागेचा ताबा असलेला माणूसही करू शकतो. हे शब्द तिथे लिहिलेले आहेत. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाल्या. पाटी बदलली, कायदा बदलला. रांग बदलायला वेळ लागला.

सूर्याकडे येऊ. आपल्याकडे सूर्याचा तुटवडा कधीच नव्हता. नंदुरबारची मिरची देशात जाते ती कशाच्या जोरावर? शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरायची आणि ऊन तिचं काम करतं. त्या उन्हाला ना मीटर, ना मंजुरी. पिढ्यान्‌पिढ्या आपण सौर ऊर्जेवर व्यापार करतोय, फक्त तिला सौर ऊर्जा म्हणत नव्हतो.

विजेसाठीचं ऊन आधी शेजारी पिकलं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. त्याच पट्ट्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. आता सरकार सौर कृषी वाहिनी योजनेत जमीनच भाड्याने घेतं. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे बघा, भाड्याची दिशा कशी फिरते. १९१० मध्ये आपण कंपनीच्या मीटरचं भाडं भरायचो. आता शेतकऱ्याच्या जमिनीचं भाडं कंपनी भरते. आणि छतावरच्या सोलरमध्ये परत आपण भरतो, जरी छत आपलं आणि ऊनही आपलंच.

छतावरच्या विजेला महाराष्ट्रात नियम मिळाले २०१५ मध्ये. राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम आणले. दिवसा तुमच्या छतावर जास्त तयार झालेली वीज तारेत सोडा, रात्री तेवढी परत घ्या, फरकाचं बिल भरा. त्या पहिल्याच नियमांत एक वाक्य होतं ज्याकडे तेव्हा फार कुणाचं लक्ष गेलं नाही : यंत्रणा ग्राहकाच्या मालकीची असू शकते किंवा ती ग्राहकाला भाडेपट्ट्याने देणाऱ्या तिसऱ्याची असू शकते. म्हणजे भाड्याचं सोलर इथे पहिल्या दिवसापासून कायदेशीर आहे. त्याच नियमांत एक मर्यादाही होती. एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच छतावरचं सोलर जोडता येईल. २०१९ च्या नियमांत ती ७० टक्के झाली.

मग १३ फेब्रुवारी २०२४ ला 'पीएम सूर्यघर' योजना आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. त्याच महिन्यात केंद्राने ग्राहक हक्क नियम बदलले. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची गरज नाही, तो मंजूर धरायचा. यंत्रणा बसल्यावर ती चालू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवस. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिसऱ्याने पैसे घालायच्या पद्धतीसाठी, म्हणजे आपल्या भाड्याच्या सोलरसाठी, वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यात घरमालकांनी पैसे थकवले तर कंपन्यांना आधार म्हणून १०० कोटींचा निधी ठेवला गेला.

परत वाचा. घरमालकाने कंपनीचे पैसे थकवले तर निधी आहे. कंपनीने किंवा कचेरीने घरमालकाचे दिवस थकवले तर?

इथे माझी गोष्ट थोडक्यात. माझ्या छतावर तीन किलोवॉटचं भाड्याचं सोलर बसून आज एकाहत्तर दिवस झाले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. पॅनल बसायला दोन दिवस लागले. मग फाइल. फोटो अपलोड झाले, एक फोटो धूसर म्हणून परत. पाहणी झाली. नेट मीटर उपलब्ध नाही, आलं की टेस्टिंगला जाणार, टेस्टिंग झालं की करारावर सही, मग जोडणी. कंपनीचा माणूस म्हणतो कचेरीत अडकलंय, कचेरी म्हणते कंपनीने कागद पूर्ण केले नाहीत. तोपर्यंत पॅनल छतावर ऊन खातंय आणि मी बिल भरतोय. पॅनलवर कबुतरांनी मात्र विनापरवाना वापर सुरू केलाय.

सही करण्याआधी मी करारात हाताने एक ओळ घालून घेतली होती : भाडं नेट मीटर चालू झाल्याच्या तारखेपासून. छापील मसुद्यात 'बसवल्यानंतर तीस दिवसांनी' असं होतं. ओळ घालायला कंपनीचा माणूस नाखूष होता, पण घातली. त्यामुळे माझं नुकसान आहे ते फक्त न वाचलेल्या बिलाचं.

आमच्याच गल्लीतले एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं, छापील करारावर. त्यांचं भाडं तीस दिवसांनी सुरू झालं. मीटर अजून आलेलं नाही. गेले दोन महिने ते १,३५० रुपये भाडं आणि दोन हजारांच्या वरचं बिल, दोन्ही भरतात. पेन्शनीतून. बिल कमी व्हावं म्हणून घेतलेल्या वस्तूने खर्च दीडपट केला. मास्तर स्वभावाने शांत. मला म्हणाले, "अरे, वर्गात हजेरी लागली नाही तर पोराला गैरहजर धरायचो. इथे वीज गैरहजर आणि फी माझी."

आता वर सांगितलेलं १९१० चं आठवा. मीटर फिरायला लागल्यावर भाडं. परक्या सरकारच्या काळातला व्यवहार या बाबतीत आजच्या छापील करारापेक्षा सरळ होता.

कचेरीची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. काही थांबणं गरजेचं असतं. तुमच्या छतावरची वीज उलट्या दिशेने तारेत जाते. खांबावर लाइनमन चढलेला असताना, खालून फ्यूज काढलेला असताना, एखाद्या घरातून वीज मागे आली तर माणूस जाईल. म्हणूनच या पद्धतीतला इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. "लाईट गेली तरी आपलं सोलर चालेल ना?" नाही चालणार, बॅटरी नसेल तर नाही. ती खोड नाही, लाइनमनचा जीव वाचवण्याची सोय आहे. अर्थिंग नीट आहे का, इन्व्हर्टर बंद होतो का, मीटर दोन्ही बाजूंनी बरोबर मोजतं का, ही तपासणी झालीच पाहिजे. मंजुरीशिवाय चोरून चालू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अर्ज वाढले, माणसं तेवढीच राहिली, हेही खरं आहे. माझं भांडण तपासणीशी नाही. तपासणीला लागणाऱ्या वेळेची किंमत कुणी मोजायची, याच्याशी आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. सिलिकॉनचा सौर सेल १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि घरावर भाड्याने पॅनल देण्याचा धंदाही तिकडेच २००७-०८ च्या सुमाराला फोफावला. तिकडच्या लोकांना दोन गोष्टी उशिरा कळल्या. एक, दरवर्षी भाडं थोडं थोडं वाढवणारं कलम. दुसरी, घर विकायचं ठरवलं तर घेणाऱ्याला जुना करार गळ्यात घ्यावा लागतो. त्यांचा अनुभव आपल्याला फुकट मिळतोय, तर वापरावा.

आणि आपल्या जिल्ह्याची खास अडचण वेगळीच आहे. पुष्कळ घरांत वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. घरपट्टी वडिलांच्या, आधार मुलाचं. अर्ज पहिल्याच पायरीवर अडकतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच टेंभलीत दिलं गेलं, आणि आज आपल्याच लोकांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे. पाड्यावरच्या घराचं तर नमुना ८ सुद्धा नसतं कित्येकदा. योजनेला स्वतःचं घर आणि स्वतःचं छत लागतं. २००३ चा कायदा ताबा असलेल्याला वीज मागू देतो, पण छतावरचं अनुदान मालकी विचारतं. म्हणजे बिलगावसारख्या काठावरून उठून आलेल्या, पुनर्वसनात जागेचे कागद अजून नीट न झालेल्या घराने परत थांबायचं. धरणाला घर दिलं तेव्हा कागद कुणी विचारला नव्हता.

म्हणून माझं उत्तर. भाड्याचं सोलर घ्यावं का? एकरकमी पैसे नसतील तर जरूर विचार करा, पण या गोष्टी सहीच्या आधी बघा.

१. भाडं कोणत्या तारखेपासून? "नेट मीटर चालू झाल्याच्या तारखेपासून" हे शब्द करारात हवेतच.
२. भाडं दरवर्षी वाढणार का, किती?
३. अनुदानाची रक्कम कुणाच्या खात्यात जाणार आणि ती भाड्यातून वजा झाली आहे का?
४. किती युनिट तयार होतील याची हमी आहे का? एका किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरतात. त्याहून फार कमी आलं तर भाडं कमी होणार का?
५. गच्ची गळाली, पत्रा बदलायचा झाला, घर विकायचं झालं तर पॅनल कोण काढणार आणि खर्च कुणाचा?
६. करार मराठीत मागा. ज्या भाषेत भांडण होणार त्याच भाषेत करार असावा.
७. बिल कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. नावबदलाचा अर्ज सोलरच्या आधी करा.

आणि ज्यांचं बसलंय पण चालू नाही त्यांनी तोंडी चौकशी करत बसू नये. अर्जाची तारीख, बसवल्याची तारीख लिहून लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्यात फेब्रुवारी २०२४ च्या नियमातल्या १५ दिवसांचा उल्लेख करा. उत्तर नाही आलं तर वितरण कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, तो मंच कायद्यानेच नेमलेला आहे. मास्तरांचं पत्र मी परवा लिहून दिलं. एक कचेरीला आणि एक कंपनीला, वीज सुरू होईपर्यंतचं भाडं परत मागणारं. काय उत्तर येतं ते इथेच कळवेन.

तुमच्याकडून एकच हवंय. खाली कमेंटमध्ये तीन तारखा लिहा : अर्ज केला कधी, पॅनल बसलं कधी, मीटर चालू झालं कधी. सोबत फक्त तालुका. नाव, ग्राहक क्रमांक टाकू नका. शंभर जणांच्या तारखा जमल्या तर आपल्या जिल्ह्यात छतावरच्या विजेला खरोखर किती दिवस लागतात याचा पहिला तक्ता आपल्या हातात असेल. तो घेऊन मी अधीक्षक अभियंत्यांच्या कार्यालयात जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी तेही लिहा. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मित्रांनी आवर्जून लिहा, कारण तुमच्याकडच्या तारखा यादीत नसल्या तर तक्ता पुन्हा फक्त सपाटीचाच होईल.